परीक्षा धनुष्याची

बोट दाखवणं किती साधी गोष्ट आहे, नाही? वर्षभराच्या मुलाला धड बोलता येत नसतं, पण कपाटावरच्या डब्याकडे बोट करून ते "ऊंऽ" म्हणतं आणि घरातल्या सगळ्यांना बरोबर कळतं की लाडू हवाय. तरीही आपल्या जुन्या शास्त्रीमंडळींना बोट दाखवण्यातली मेख चांगली ठाऊक होती. शाखाचंद्र न्याय त्यातूनच आला. चंद्र दाखवायचा तर आधी झाडाची फांदी दाखवायची आणि "तिच्या टोकाशी बघ" म्हणायचं. दुसरा अरुंधतीचा. लग्नात नवरीला अरुंधतीचा तारा दाखवतात. तो इतका बारीक की नुसतं बोट करून कुणाला दिसायचा नाही. म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे टेकली की म्हणायचं, "ही नव्हे, हिच्या बाजूची." एका झटक्यात नेम धरता येत नसेल तर दोन पायऱ्यांत धरा, इतकी साधी अक्कल आहे ही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आभासी वास्तव, म्हणजे आपलं व्हीआर. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस एका वेगळ्याच खोलीत जातो. तिथे भिंती आहेत, वस्तू आहेत, बटणं आहेत. पण माऊस नाही. मग त्यातलं "हे" कसं निवडायचं? पोटापाण्यासाठी मी जे काम करते त्यात याच प्रश्नाच्या चाचण्या घ्याव्या लागतात. म्हणजे चार-सहा पद्धती करायच्या, माणसांना बोलावून त्या वापरायला लावायच्या आणि कुठली चांगली ते ठरवायचं. ही चाचणी घ्यायची आपली जी रूढ रीत आहे तिच्याबद्दल मला काही म्हणायचंय. नातेवाईक मंडळींनी घाबरू नये, गणित फार नाही :-)

आधी पद्धती कोणत्या ते थोडक्यात. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिलं हाताचं. तुमचा हात हलतो तसा आभासी हात हलतो, वस्तूला टेकवा आणि उचला. अगदी नैसर्गिक, पण हात पुरेल तेवढंच. यावर १९९६ मध्ये इव्हान पुपिरेव्ह आणि सहकाऱ्यांनी 'गो-गो' नावाची युक्ती काढली. हात जवळ असेपर्यंत नेहमीसारखा, पण एका मर्यादेपुढे ताणलात की आभासी हात भराभर लांब होत जातो. दुसरं घराणं किरणाचं. हातातल्या कंट्रोलरमधून एक सरळ रेघ निघते, ती ज्या वस्तूला लागेल ती तुमची. आजच्या बहुतेक हेडसेटांमध्ये मेनू निवडायला हाच किरण असतो. या दोघांच्या अधेमधे पोटजाती पुष्कळ. बारीक किरणाऐवजी टॉर्चच्या झोतासारखा शंकू, किंवा चिमटीत दूरचा डोंगर धरल्यासारखं करायचं. आणि हो, अरुंधतीसुद्धा आहे! आधी गोळाबेरीज एक घोळका पकडायचा आणि मग त्यातून हवं ते निवडायचं, अशा दोन पायऱ्यांच्या पद्धतींवर या क्षेत्रात बरंच काम झालं आहे. ते करणाऱ्यांना आपला न्याय माहीत असण्याचं कारण नाही, पण अडचण तीच असली की उपायही तोच सुचतो.

आता चाचणी. तिचं मूळ १९५४ सालात आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी माणसांच्या हातात धातूची कांडी दिली, समोर दोन पट्ट्या ठेवल्या आणि सांगितलं, या दोन्हींवर आळीपाळीने जमेल तितक्या लवकर टोक टेकवत राहा. पट्ट्यांमधलं अंतर बदललं, पट्ट्यांची रुंदी बदलली, एकदा हलकी कांडी दिली, एकदा जड. निघालं ते असं की लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर ठरतो. लक्ष्य लांब असेल तर वेळ जास्त, लहान असेल तर जास्त, पण दोन्ही दुप्पट केलीत तर जवळजवळ तेवढाच. हाच फिट्सचा नियम.

आज वापरतात ते त्याचं स्कॉट मॅकेन्झी यांनी सुधारलेलं रूप. अंतर भागिले रुंदी, त्यात एक मिळवा आणि दोनच्या पायाने लॉगरिदम घ्या. ३० सेंटिमीटरवर ३ सेंटिमीटरचं वर्तुळ असेल तर उत्तर येतं साधारण साडेतीन. याला म्हणायचं साडेतीन बिट अवघड. हे काम तुम्ही एका सेकंदात केलंत तर तुमचा वेग सेकंदाला साडेतीन बिट. या वेगाला थ्रूपुट म्हणतात. माऊसचा थ्रूपुट काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांमध्ये ३.७ ते ४.९ च्या दरम्यान येतो. २००० साली यावर आयएसओ ९२४१-९ हे आंतरराष्ट्रीय मानकच आलं, २०१२ मध्ये त्याची जागा ९२४१-४११ ने घेतली. गोल रिंगणात मांडलेली वर्तुळं, एकाकडून समोरच्याकडे, तिथून पुन्हा पलीकडे. व्हीआरमध्ये वर्तुळांच्या जागी हवेत तरंगणारे गोळे, बाकी कवायत तीच.

मला या नियमाबद्दल आदर आहे हे आधीच सांगते. माणसाच्या हालचालीबद्दल इतका टिकाऊ नियम दुसरा क्वचितच सापडेल. त्याच्यामुळे "मला हे बरं वाटलं, त्याला ते बरं वाटलं" या गप्पांना आकड्याचा आधार मिळाला. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी माऊस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची तुलना केली, तेव्हा माऊसचं पारडं का जड आहे ते याच नियमाच्या भाषेत मांडता आलं.

पण त्याच्याही आधीची एक तुलना मला जास्त बोलकी वाटते. १९६७ ची. माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पडद्यावरचा मजकूर निवडायची साधनं शेजारी शेजारी तपासली होती. माऊस, लाइट पेन, जॉयस्टिक वगैरे. त्यात एक गमतीदार साधन होतं, टेबलाखाली गुडघ्याने हलवायचा दांडा! सरावलेल्या लोकांमध्ये माऊस पुढे गेला. पण नवख्या लोकांमध्ये? तिथे लाइट पेन आणि हा गुडघ्याचा दांडा माऊसपेक्षा वेगवान ठरले. साधनं तीच, पडदा तोच, काम तेच. परीक्षेला कोण बसलं त्यावर पहिला नंबर बदलला.

माझा सगळा मुद्दा या एका गोष्टीत आहे. महाभारतात द्रोणाचार्य झाडावर पक्षी ठेवून राजपुत्रांची परीक्षा घेतात ती गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. युधिष्ठिराला पक्षी दिसत होता, झाड दिसत होतं, भाऊ दिसत होते, तो नापास. अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता, तो पास. द्रोणाचार्यांना धनुर्धर निवडायचा होता, त्यामुळे त्यांची परीक्षा त्यांच्या जागी ठीकच. पण आपल्याला धनुष्य निवडायचं आहे! अर्जुनाच्या हातात कुठलंही धनुष्य द्या, पोपटाचा डोळा फुटणारच. त्यावरून धनुष्याबद्दल काय कळलं? आणि बाजारात ते धनुष्य विकत घेणार आहेत ते सगळे युधिष्ठिर आहेत. त्यांना झाड दिसतं, फांद्या दिसतात, शिवाय शेजारी बसलेले भाऊही दिसतात.

पहिली तक्रार चुकांबद्दल. थ्रूपुट काढताना गोळ्याची खरी रुंदी धरत नाहीत. लोकांचे ठोके प्रत्यक्षात किती पसरले ते मोजतात आणि त्या प्रमाण विचलनाच्या ४.१३३ पट एवढी 'प्रभावी रुंदी' मानतात. यामागचा हिशोब असा की तेवढ्या रुंदीत सुमारे ९६ टक्के ठोके बसतात आणि ४ टक्के बाहेर जातात. यामुळे सावकाश पण अचूक खेळणारा आणि धसमुसळा पण वेगवान यांची एकाच तराजूत तुलना करता येते. शास्त्र म्हणून हे सुंदरच आहे. पण वापरणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याच्यासाठी उशीर आणि चूक या एकमेकांत बदलून घ्यायच्या नोटा नाहीत. दहावा भाग सेकंद उशीर झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. "जतन करा"च्या ऐवजी शेजारचं "काढून टाका" दाबलं गेलं तर सकाळची मेहनत वाया. चार टक्के म्हणजे पंचवीसात एक, आणि एखाद्या कामात माणूस पंचवीस वेळा सहज बटण दाबतो. तेव्हा दोन पद्धतींचा थ्रूपुट सारखा आला म्हणून त्या सारख्या चांगल्या, हे मला पटत नाही. चुका वेगळ्या लिहा, आणि चूक झाल्यावर पूर्वपदावर यायला किती वेळ लागला तेही लिहा.

व्हीआरमध्ये चुका होण्याची खास कारणंही आहेत. बंदुकीचा चाप ओढताना नेम हलतो हे कुठलाही नेमबाज सांगेल. तो वर्षानुवर्षं सराव करतो तो त्यासाठीच. कंट्रोलरचंही तसंच. किरण बरोबर वस्तूवर असतो, पण बटण दाबायच्या झटक्याने मनगट किंचित वळतं आणि किरण निसटतो. डग बोमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याला विनोदाने 'हायझेनबर्ग परिणाम' म्हटलं. मोजायला गेलं की मोजायची गोष्टच हलते, तसं. हाताच्या घराण्याची अडचण निराळी. हेडसेटमध्ये दोन्ही डोळे वस्तूच्या आभासी अंतराप्रमाणे आत-बाहेर वळतात, पण डोळ्याच्या भिंगाला मात्र एका ठरावीक अंतरावरच नजर जुळवावी लागते. खऱ्या जगात या दोन गोष्टी एकत्र चालतात, इथे त्यांची ताटातूट होते. मग वस्तू नक्की किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि डाव्या-उजव्या बाजूपेक्षा खोलीतले नेम जास्त हुकतात.

दुसरी तक्रार रिकाम्या आभाळाबद्दल. चाचणीतले गोळे असे सुटेसुटे, नीटनेटके तरंगत असतात की विचारू नका. मधे काही नाही, मागे काही नाही. खऱ्या वापरात असं कधी असतं? शरीररचना शिकवणाऱ्या आभासी प्रयोगशाळेत एका शिरेमागे दुसरी शीर असते. यंत्रदुरुस्तीच्या प्रशिक्षणात चार स्क्रू एकमेकांना खेटून असतात आणि हवा तो नेमका पाइपामागे लपलेला. रिकाम्या आभाळात साधा किरण फार देखणा दिसतो. गर्दीत शिरला की पुढच्याच वस्तूला अडकतो. उलट ती अरुंधतीवाली दोन पायऱ्यांची पद्धत रिकाम्या जागी हमखास मागे पडते, कारण तिला एक पायरी जास्त आहे. तिचा फायदा गर्दीतच दिसणार. पण आपण गर्दीत तपासतच नसलो तर ती कायम हरतच राहणार. म्हणजे निकाल आधीच लागलेला, चाचणी फक्त सही करायला.

तिसरी तक्रार माणसांबद्दल, आणि मला सर्वांत जास्त सलते ती हीच. फिट्स यांच्या १९५४ च्या प्रयोगात कांडी धरायला होते १६ जण. सगळे कॉलेजातले, सगळे उजव्या हाताचे, सगळे पुरुष. तो जमाना वेगळा होता म्हणून सोडून देऊ. पण २०१६ मध्ये केली केन यांनी माणूस-संगणक परस्परसंबंधांवरच्या सीएचआय या मोठ्या परिषदेतले निबंध तपासले, तेव्हा अभ्यासात भाग घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त वेळा आढळलेली संख्या निघाली १२. आणि २०२० मध्ये टॅबिथा पेक आणि सहकाऱ्यांनी व्हीआरच्या निबंधांवरून दाखवून दिलं की सहभागींमध्ये बायका कमीच असतात. कारण काही कटकारस्थान नाही. विद्यापीठात चाचणी म्हणजे येणार कोण? शेजारच्या वर्गातली पोरं. त्यांची नजर तरुण, हात स्थिर, आणि लहानपणापासून गेम खेळून अंगठे तयार. सगळे अर्जुन!

माझ्या मावशीचं उदाहरण देते. तिची परवानगी घेतली आहे, वर "माझं नाव मात्र घालू नकोस" अशी ताकीदही मिळाली आहे. वय चौऱ्याहत्तर, शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, हातांना गेली काही वर्षं कंप आहे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, बाकी एकदम खणखणीत. दिवाळीत नातवाने तिच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला, तिला समुद्राखालचं जग दाखवायचं होतं. समुद्राच्या आधी मेनू होता. समोर तीनेक मीटरवर बटणं आणि हातातून निघालेला किरण. मावशीने हात वर केला आणि म्हणाली, "अगं, हा तुमचा किरण माझ्यापेक्षा जास्त थरथरतोय की गं!"

सगळे हसले. पण गणिताच्या बाई त्या, शंभर टक्के बरोबर बोलल्या होत्या. हात एक अंश हलला तर तीन मीटरवर किरणाचं टोक पाच सेंटिमीटर सरकतं. हाताचा कंप लांबीने गुणला जातो. नातवाला हा गुणाकार जाणवतही नाही, कारण त्याच्या हातात गुणायला फारसं काही नाही. मग मावशीने स्वतःच उपाय शोधला. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. किरण बराच स्थिरावला. पण ट्रिगर दाबला की निसटायचा. एकदा सेटिंग उघडलं, एकदा दुकानाचं पान उघडलं. तिसऱ्यांदा काहीतरी विकत घ्यायचं का असं विचारू लागलं तेव्हा तिने शांतपणे हेडसेट काढला, "छान आहे रे, पुन्हा कधीतरी बघीन" म्हणाली आणि चकल्यांकडे वळली.

आता मला सांगा, मावशी आमच्या चाचणीत असती तर तिच्या आकड्यांचं काय झालं असतं? एक तर ती मधेच उठून गेली असती, म्हणजे तिचे आकडे अपूर्ण, म्हणून बाद. नेटाने बसली असती तर तिचा वेळ सरासरीपासून इतका दूर गेला असता की "तीन प्रमाण विचलनांच्या बाहेरच्या नोंदी वगळल्या" या एका ओळीत तिची रवानगी झाली असती. ही ओळ अशा निबंधांमध्ये नेहमी दिसते. तिचं कारणही समजू शकतं. कुणाला शिंक येते, कुणाकडून चुकून दोनदा बटण दाबलं जातं, असल्या नोंदी काढायलाच हव्यात. पण गाळणी लावल्यावर खाली काय पडलं ते कुणीतरी बघायला हवं ना? शिंकही तिथेच पडते आणि मावशीही.

यावर सहकाऱ्यांशी वाद होतात. त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते. एक म्हणजे, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गर्दी, वय, कंप सगळं एकदम आणलंत तर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही. हे खरं आहे. पण म्हणून रिकाम्या आभाळातला निकाल "ही पद्धत सर्वोत्तम" असा छापायचा नसतो. "रिकाम्या आभाळात, तरुण हातांत सर्वोत्तम" असा छापायचा असतो. दुसरं, वयस्क माणसं मिळवणं अवघड आणि खर्चिक. हेही खरं. पण आपल्याकडे सकाळच्या बागेत एक चक्कर मारली तर बारा ज्येष्ठ नागरिक सहज मिळतील, आणि त्यातले अकरा जण चाचणीनंतर अर्धा तास सूचना देतील, त्याही फुकट. तिसरं म्हणजे, कंपाचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे, किरण गाळून स्थिर करता येतो. येतो की. पण जास्त गाळलं की किरण हाताच्या मागे रेंगाळतो, कमी गाळलं की थरथरतो. २०१२ मध्ये आलेला 'वन युरो फिल्टर' हा यातला छान तोडगा आहे. हात सावकाश असताना जास्त गाळायचं, वेगात असताना कमी. पण त्यालाही किती गाळायचं ते आकडे द्यावे लागतात. ते आकडे कुणाच्या हातावर बेतायचे? म्हणजे पुन्हा तोच प्रश्न आला. परीक्षेला कोण बसलंय?

काही जण म्हणतील, आता किरण जुना झाला, डोळ्यांनी निवडायचा जमाना आला. २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये वस्तूकडे नुसतं बघायचं आणि दोन बोटांची चिमटी करायची, झालं. मला ही कल्पना आवडते. नजरेने निवडण्यातली जुनी अडचण रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास सांगून ठेवली होती. ज्याच्याकडे बघाल ते उघडतं, मग नुसतं बघायचं कसं? त्यांनी तिला मिडास राजाचं नाव दिलं. आपल्याकडे भस्मासुराचं दिलं असतं. चिमटीमुळे हा भस्मासुर बराच आवरला गेला, कारण बघणं आणि निवडणं वेगळं झालं. शिवाय हात मांडीवर ठेवूनही चालतं, त्यामुळे खांदा भरून येत नाही. पण म्हणून परीक्षेचा प्रश्न सुटला का? पापण्या जड झालेले डोळे, तिरळे डोळे, सांध्यांनी आखडलेली बोटं यांचं काय होतं ते तपासल्याशिवाय कळणार नाही. त्याच यंत्रात नजरेऐवजी डोक्याने, मनगटाने किंवा तर्जनीने निवडायची सोय दिली आहे, ही मात्र दाद देण्यासारखी गोष्ट. एकच पद्धत सगळ्यांना पुरणार नाही हे बनवणाऱ्यांनी मान्य केलं असा मी त्याचा अर्थ घेते.

एवढा त्रागा कशासाठी, एक खेळणं तर आहे, असंही कुणी म्हणेल. पण हे आता खेळण्यापुरतं राहिलेलं नाही. पक्षाघातानंतर हाताला पुन्हा वळण लावायला व्हीआरचा उपयोग होतो का यावर इतकं संशोधन झालंय की २०११ पासून कॉक्रेनने त्याचे आढावे काढले आहेत. विचार करा, ज्याचा हात आखडलाय त्याच्यासाठी व्यायाम बनवला आणि तो व्यायाम सुरू करायचं बटण फक्त धडधाकट हाताला दाबता येतं! निवड म्हणजे दार आहे. आत कितीही सुंदर दालन असो, दाराची कडी ज्याच्या हाताला लागत नाही त्याच्यासाठी ते दालन नाहीच. आणि आज चाचणीत जिंकलेली पद्धत उद्या सगळीकडे मुळातच बसवून दिली जाते. परवा लोक तीच "नैसर्गिक" आहे असं म्हणायला लागतात, आणि जमत नाही तो स्वतःलाच दोष देतो. मावशीने तेच केलं. "मला नाही बाई जमत आता हे" म्हणाली. यंत्राला तिचा हात जमला नाही, असं तिच्या तोंडून आलं नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. थ्रूपुट जरूर काढा, पण चुका वेगळ्या आणि त्या निस्तरायच्या वेळासकट द्या. रिकाम्या आभाळाबरोबर एक तरी काम गर्दीतलं आणि आडोशातलं ठेवा. पाच मिनिटांनी थांबू नका, वीस मिनिटं हात हवेत ठेवायला लावा आणि मग विचारा. हात अधांतरी धरून खांदा दुखायला लागतो त्याला 'गोरिला आर्म' असं नाव पडलेलं आहे, आणि तो थकवा मोजायची पद्धतही २०१४ पासून उपलब्ध आहे. अर्जुनांबरोबर थोडे युधिष्ठिर आणि एखादी मावशी बोलवा. सरासरीच्या शेजारी सगळ्यात मागच्या चौथ्या हिश्श्याचा आकडा छापा. आणि किती जणांनी मधेच हेडसेट काढून ठेवला, तो आकडा सर्वांत वर छापा. माझ्या मते निबंधातला सर्वांत खरा आकडा तोच असेल.

यातलं काहीच फार महाग नाही. थोडी गैरसोय आहे, आलेख तितकेसे देखणे दिसणार नाहीत, आणि लाडक्या पद्धतीचा पहिला नंबर कदाचित जाईल. जाऊ दे. धनुष्याची परीक्षा घ्यायची तर ते थरथरत्या हातात देऊन बघावंच लागेल. तिथे पोपटाचा डोळा नाही फुटला तरी चालेल हो. निदान बाण झाडाच्या दिशेने गेला, आणि शेजारी उभ्या भावाला लागला नाही, एवढं कळलं तरी मी त्या धनुष्याला पास करीन.

असो. मावशीला पुढच्या सुट्टीत समुद्राखाली न्यायचंच आहे. या वेळी मेनू नातवाने दाबायचा नाही अशी तिची अट आहे.